बीएस्सी कॉम्प्युटर झालं, शिकवायची आवड आहे : एमसीए, बीएड की आणखी काही?

हिरवी_पाटी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा लिहितेय.

मी संगमनेरची. २०२४ साली पुणे विद्यापीठातून बीएस्सी (कॉम्प्युटर सायन्स) केलं, फर्स्ट क्लास. सध्या गावातल्याच एका सेंटरवर एमएस-सीआयटी आणि टॅलीच्या बॅचेस घेते. महिना नऊ हजार. शिकवायला मनापासून आवडतं, पण नऊ हजारांत काय होतंय! घरच्यांचं म्हणणं, बीएड कर, सरकारी शाळेत चिकटशील. पुण्यातल्या मैत्रिणींचं म्हणणं, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर आणि ये इकडे. त्या कोर्सची फी पासष्ट हजार आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट'. वडील एसटीत वाहक आहेत, निवृत्ती जवळ आलीय, त्यामुळे एकदाच काय तो खर्च झेपेल.

कॉम्प्युटर शिक्षकाची सरकारी किंवा अनुदानित नोकरी खरंच असते का? आयटीत शिरायला आता उशीर झालाय का? आणि शिकवणं नि कॉम्प्युटर दोन्ही ज्यात आहे असं मधलं काही काम असतं का? जाणकारांनी सांगावं.

वांगीभात

आधी ते पासष्ट हजार खिशात ठेव. शंभर टक्के प्लेसमेंटवाल्यांना म्हणावं, लेखी द्या. पावतीवर 'मुलाखतीसाठी साहाय्य' एवढंच छापलेलं निघेल. आणि कुणी 'दोन वर्षांचा अनुभव दाखवून देतो' म्हणाला तर तिथून सरळ उठायचं. पार्श्वभूमी तपासणीत पीएफचा तपशील बघतात, तिथे असली सोंगं उघडी पडतात.

मास्तर_बार्शी

पाटीताई, घरच्यांच्या बोलण्यातलं 'बीएड कर' सोपं आहे, 'चिकटशील' फार लांब आहे. गेली बरीच वर्षं शाळेत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली ते पाचवीला डीएलएड (आपलं जुनं डीएड) आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पहिला पेपर लागतो. बीएडवाल्यांना हे दार सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये बंद केलं. सहावी ते आठवीला टीईटीचा दुसरा पेपर. टीईटी १५० गुणांची, खुल्या गटाला त्यातले ९० हवेत. अकरावी-बारावीला त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि वर बीएड. एवढं झालं की मग टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी. टीईटी वेगळी, टेट वेगळी. निम्मी पोरं इथेच गोंधळतात. टेट २०० गुणांची, वेळ दोन तास, आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावर, पसंतिक्रम भरायचे. ही टेट आजवर झाली २०१७, २०२३ आणि २०२५ साली. पहिल्या दोन चाचण्यांच्या मधे किती जणांचं वय उलटून गेलं त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, कनिष्ठ महाविद्यालयात २०,०००. २०२३ च्या आधी हेच सहा, आठ आणि नऊ हजार होतं, म्हणजे तुझ्या सेंटरइतकंच.

आता तुझा मूळ प्रश्न. राज्य मंडळाच्या अनुदानित माध्यमिक शाळेत मंजूर पदं भाषेची, गणित-विज्ञानाची, सामाजिक शास्त्रांची. संगणकाचं वेगळं मंजूर पद नसतं. शाळांना संगणक देणाऱ्या आयसीटी योजनेतून लॅब आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर कंत्राटी संगणक शिक्षक आले. करार पाच वर्षांचा. करार संपला, शिक्षक घरी गेले, लॅब राहिली. आमच्याकडे तशीच खोली आहे. पंचवीस मशीन, त्यातली अकरा चालू, यूपीएसच्या बॅटऱ्या फुगलेल्या. मी गणिताचा माणूस, पण किल्ली माझ्याकडे. एका मशीनला चार पोरं बसतात. एक माऊस धरतो, एक कीबोर्ड, उरलेले दोघे ओरडून सूचना देतात. शिकतात मात्र चौघंही.

ज्युनियर कॉलेजात विषय आहेत. कॉम्प्युटर सायन्स बायफोकल (व्यवसायाभिमुख विषय) २०० गुणांचं, आयटी १०० गुणांचं. पण बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित. फी संस्था घेणार, पगारही संस्थाच ठरवणार.

हिरवी_पाटी

मास्तर, इतकं सविस्तर कुणी सांगितलंच नव्हतं, खूप आभार. म्हणजे मी बीएड केलं तर गणित किंवा विज्ञानाची शिक्षिका म्हणून, असंच ना? पदवीला गणित दुसऱ्या वर्षापर्यंत होतं. तिसऱ्या वर्षाला सगळं कॉम्प्युटरच.

मास्तर_बार्शी

गोम तिथेच आहे. बीएडला गणित अध्यापन पद्धती मिळून जाईल, पण भरतीत पदवीचा विषय बघतात आणि कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर 'गणित तिसऱ्या वर्षाला कुठंय' असा प्रश्न येतो. दोन वर्षं आणि फी घालवल्यावर तो ऐकण्यापेक्षा आधीच विद्यापीठाच्या पात्रता विभागात विचारून घे. तोंडी उत्तर घेऊ नकोस.

सेमीकोलन

मी हिंजवडीत आहे, नवोदितांच्या मुलाखती घेतो. उशीर झाला वगैरे काही नाही, पण चित्र २०२१ सारखं राहिलेलं नाही हे खरं. मोठ्या सेवा कंपन्यांत सुरुवातीचा पगार आजही वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो. दहा वर्षांपूर्वीही तेवढाच होता, मधल्या काळात फक्त वाकडमधलं घरभाडं वाढलं. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे बारा हजार लोक कमी करायचं जाहीर केलं ते सगळ्यांनी वाचलंच असेल. नुसतं मॅन्युअल टेस्टिंग शिकून येणाऱ्यांना तर आता फार कमी दारं उघडतात.

मागणी आहे ती डेटा इंजिनिअरिंगला, क्लाउडला, सायबर सुरक्षेला. पण तिथे थेट नवखा माणूस कमी घेतात. नवख्यांसाठी उघडी असलेली दारं म्हणजे अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट, डेटाबेसचं काम, ऑटोमेशन टेस्टिंग. तिथून दोनेक वर्षांत आत सरकता येतं. सपोर्टला रात्रपाळी असते, ते आधीच सांगून ठेवतो.

मी मुलाखतीत काय विचारतो ते सांगतो, म्हणजे अंदाज येईल. दोन टेबलं देतो, विद्यार्थी आणि फी. म्हणतो, ज्यांनी एकही हप्ता भरलेला नाही त्यांची नावं काढ. निम्मे लोक इनर जॉइन (दोन्ही टेबलांत सापडणाऱ्याच नोंदी जोडणारा) लावतात, यादी रिकामी येते आणि मग माझ्या तोंडाकडे बघतात. लेफ्ट जॉइन (विद्यार्थी सगळे ठेवणारा) लावून फीच्या बाजूला नल, म्हणजे रिकामं, आहे ते शोधायचं, एवढंच आहे. त्यानंतर एआयने लिहिलेला वीसेक ओळींचा पायथॉन कोड समोर ठेवतो आणि यात काय चुकलंय ते विचारतो. लिहिणारे आता पुष्कळ झालेत, वाचून पकडणारे कमी.

तुमच्या सेंटरवर फीची वही एक्सेलमध्ये असेलच. नावं बदलून ती मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये घाला आणि थकबाकीचे, बॅचवार गळतीचे अहवाल काढा. हा तुमचा पहिला प्रकल्प. 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' हे नाव बायोडेटात दिसलं की मी पान उलटतो.

खडीसाखर

एवढी चर्चा झाली आणि सीडॅकचं, केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं, नाव कुणीच घेतलं नाही? त्यांचा पीजी-डॅक हा पदविका कोर्स, सहा महिने, ९०० तास. सीकॅट ही प्रवेश परीक्षा द्यायची, वर्षातून दोन बॅचेस निघतात. फी जीएसटी धरून लाखभर. सकाळी आठ ते रात्री आठ नुसतं पिळून काढतात, पण माझा चुलतभाऊ तिथूनच लागला.

सेमीकोलन

सीडॅक चांगलंच, पण तीन वर्षांच्या बीएस्सीवर पीजी-डॅकला बसता येत नाही. बीई हवं, नाहीतर एमसीए/एमएस्सी. 'करून देतो प्रवेश' म्हणणारे मधले लोक भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा.

खडीसाखर

मग एमसीए करून सीडॅक! भाऊ बीई होता, म्हणून तो मुद्दा डोक्यात आला नव्हता.

वांगीभात

एमसीए करून वर आणखी लाखभर? एमसीए नीट केलं तर सीडॅकची गरज काय? कॉलेजात प्लेसमेंट अजिबात नसेल तरच.

धावपट्टी

मी केंद्रीय विद्यालयात पीजीटी (अकरावी-बारावीची पदव्युत्तर शिक्षिका), कॉम्प्युटर सायन्स. वर मास्तरांनी लिहिलं ते राज्याचं चित्र, आमच्याकडे वेगळं आहे. इथे कॉम्प्युटर शिक्षकाचं पद नियमित असतं. पीजीटीला वेतनश्रेणी लेव्हल ८, मूळ वेतन ४७,६००, वर भत्ते. वयोमर्यादा ४०. एमसीए किंवा एमएस्सी कॉम्प्युटर असेल तर पात्रतेत बसता. बीएडची अट त्या त्या वेळच्या जाहिरातीत वाचावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

तोटेही लिहिते. भरती रोज निघत नाही आणि नेमणूक देशात कुठेही. माझी पहिली नेमणूक आसामात, सिल्चरला. घरचे हादरले होते. मला तिथे मजा आली, पण सगळ्यांना येईल असं नाही.

सीबीएसईच्या अकरावी-बारावीला पायथॉन आणि एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) आहे. म्हणजे सेमीकोलन जे मुलाखतीत विचारतात तेच मी वर्गात शिकवते. एकाच अभ्यासावर दोन्ही परीक्षा देता येतील, हे लक्षात घे.

मास्तर_बार्शी

धावपट्टीताईंनी नेमकं बोट ठेवलं. मीही तेच म्हणणार होतो. बीएस्सीनंतर लगेच बीएड केलंस तर कॉम्प्युटर सुटतो आणि गणित-विज्ञानाच्या रांगेत शेवटी उभी राहतेस. कॉम्प्युटर शिकवायची जी बरी दारं आहेत, म्हणजे ज्युनियर, केंद्रीय, नवोदय, सिनियर कॉलेज, ती सगळी पदव्युत्तरनंतर उघडतात. एमसीए आता दोनच वर्षांचं आहे. बीएड नंतरही करता येतं.

तासिका

सिनियर कॉलेजचं स्वप्न दाखवताय म्हणून लिहितो. विज्ञान महाविद्यालयात कॉम्प्युटर सायन्स शिकवायला एमएस्सी किंवा एमसीए आणि सेट नाहीतर नेट, म्हणजे प्राध्यापकांची राज्य किंवा राष्ट्रीय पात्रता परीक्षा. सेट पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. अभियांत्रिकीला नेट लागत नाही, पण एमटेक लागतं.

सेट मी पास आहे. शिकवतो एका अनुदानित कॉलेजात, तासिका तत्त्वावर. नेमणूक जुलै-ऑगस्टमध्ये, बिलं परीक्षा संपल्यावर, पैसे कधी कधी पुढच्या दिवाळीला. सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. पेपर तपासणी, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, पोरांच्या सहली, हे सगळं मात्र पूर्णवेळ प्राध्यापकाइतकंच. आधी एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात होतो. तिथे पगार बँकेत जमा व्हायचा आणि त्यातला हिस्सा ऑफिसात रोख परत द्यावा लागायचा. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.

पाटी, शिकवायची आवड मलाही होती. अजून आहे. पण फक्त आवडीवर या लाइनीत येऊ नकोस. आधी हातात असं काहीतरी घे की ज्यावर कॉलेजबाहेरही पोट भरेल.

रॉकेलचा_दिवा

सगळंच काळं रंगवू नका हो. एआय आणि संगणकीय विचार तिसरीपासून शिकवायचं केंद्राने जाहीर केलंय, २०२६-२७ पासून. शिक्षक लागणारच की.

मास्तर_बार्शी

दिवाबुवा, विषय येणं वेगळं आणि पद मंजूर होणं वेगळं. कार्यानुभवही विषय होता. विषय आला की असलेल्या शिक्षकालाच तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि एक लिंक मिळते. खासगी सीबीएसई शाळा मात्र घेतील शिक्षक, तिथे संधी आहे हे मान्य.

रफू

पाटी, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात लावलेला नाही, म्हणून मी लिहिते. मधलं काम असतं. त्याला इन्स्ट्रक्शनल डिझाइन म्हणतात. पुण्या-मुंबईत ई-लर्निंग करणाऱ्या कंपन्या बऱ्याच वर्षांपासून आहेत. बँका, औषध कंपन्या, कारखाने यांना कर्मचाऱ्यांना शिकवायचं असतं, त्याचे कोर्स या कंपन्या बनवतात. मी आधी शाळेत इंग्रजी शिकवायचे, आता हे करते.

कामाचा गाभा म्हणजे स्टोरीबोर्ड. एका तक्त्यात डावीकडे पडद्यावर काय दिसेल, उजवीकडे निवेदन काय ऐकू येईल, खाली डेव्हलपरला सूचना: 'बटण दाबल्यावर झडप उघडलेली दाखवा, चुकीचं उत्तर दिलं तर पुन्हा दुसऱ्या पडद्यावर न्या.' ग्राहकाकडून ऐंशी पानांचं मॅन्युअल येतं, त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकून द्यायचं हे ठरवणं सगळ्यात अवघड. त्यांचा तज्ज्ञ म्हणतो सगळंच महत्त्वाचं आहे. कामगाराकडे असतात वीस मिनिटं.

मग ते आर्टिक्युलेट स्टोरीलाइनसारख्या साधनात बांधतात, स्कॉर्म या ठरावीक स्वरूपात पॅकेज करतात आणि मूडलसारख्या एलएमएसवर, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवणाऱ्या प्रणालीवर, चढवतात. तुझ्यासारख्या कॉम्प्युटरवालीला इथे फायदा असा की बहुतेक लेखक मंडळी तंत्राला घाबरतात आणि बहुतेक तंत्रवाल्यांना चार वाक्यं सरळ लिहिता येत नाहीत. दोन्ही जमणारी माणसं लवकर वर जातात.

शिरायचं कसं तर नमुना दाखवून. संगमनेरात दूध संकलन केंद्रांना काही कमी नाही. एखाद्या केंद्रावर जा, फॅट मशीनवर नमुना कसा तपासतात ते बघ आणि नवीन पोराला ते शिकवायला दहा पडद्यांचा स्टोरीबोर्ड कर. शेवटी तीन प्रश्न. त्यातले चुकीचे पर्यायही विचार करून दे. 'वरीलपैकी सर्व' नको! हे मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही कर. इंग्रजी लिहिणं स्वच्छ हवं, इथे सवलत नाही. मूडल फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवर चढवून बघ.

एआयमुळे इथेही नवख्यांची कामं कमी झालीत, खोटं कशाला सांगू. पहिला खर्डा आता मशीन करतं. पण मॅन्युअलमधलं कुठलं वाक्य चुकलंय हे त्याला कळत नाही. ते दूध केंद्रावर उभं राहिलेल्या माणसाला कळतं.

हिरवी_पाटी

रफूताई, असं काही काम असतं हे मला माहीतच नव्हतं. फॅट मशीनची कल्पना भारी आहे, मामांचंच संकलन केंद्र आहे.

वांगीभात

रफू, वाचनखूण साठवली. पण या क्षेत्राच्या नावाखाली २०२०-२१ मध्ये काय झालं तेही लिहा ना. लहान मुलांना ऑनलाइन कोडिंग शिकवायची लाट आली होती. बायजूजने व्हाइटहॅट ज्युनियर ३० कोटी डॉलरला घेतली, आमच्या सोसायटीतल्या चार इंजिनिअर बायका घरबसल्या शिक्षिका झाल्या. शाळा सुरू झाल्या तशी ती कामं आटली आणि २०२४ मध्ये बायजूज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

रफू

बरोबर, पण ते वेगळं. ते पालकांच्या भीतीवर चाललेलं होतं. माझं काम कारखान्याच्या गरजेवर चालतं. मंदी इथेही येते, पण सुरक्षेचं प्रशिक्षण कारखान्याला द्यावंच लागतं.

लेस्टरकर

इंग्लंडमधून लिहितोय. इथे सप्टेंबर २०१४ पासून कॉम्प्युटिंग शालेय अभ्यासक्रमात आहे आणि त्याच्या शिक्षकांची चणचण कायम. म्हणून भारतातून बरेच जण विचारतात. पण २०२३ पासून भारतीय शिक्षकांना इथली शिक्षक पात्रता थेट मिळवायची जी सोय झाली ती गणित, विज्ञान आणि भाषा यांच्यासाठी आहे, कॉम्प्युटिंगसाठी नाही. तेव्हा 'इंग्लंडला कॉम्प्युटर टीचर' म्हणून कुणी एजंट पैसे मागत असेल तर हात जोडावे.

दहावी_ब

अवांतर : माझा भाऊ आयटीआय कोपा (संगणक ऑपरेटरचा ट्रेड) झालाय. तो आयटीआयमध्ये निदेशक होऊ शकतो का?

तासिका

होऊ शकतो. सीआयटीएस म्हणून एक वर्षाचा निदेशक प्रशिक्षण कोर्स असतो, मुंबईत चुनाभट्टीला राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे तिथे चौकशी करा. शिल्प निदेशकांची भरती व्यवसाय शिक्षण संचालनालय काढतं. खरं सांगायचं तर माझ्या सेटपेक्षा हा रस्ता सरळ आहे.

हिरवी_पाटी

सगळ्यांचे आभार. घरी वाचून दाखवलं. आईला 'लेव्हल ८' आवडलं, सिल्चर आवडलं नाही. एमसीएची सीईटी द्यायची असं सध्या ठरतंय, आणि तोवर सेंटर सोडायचं नाही. एसक्यूएल आणि पायथॉन कुठे शिकू, फुकट किंवा स्वस्तात? आणि एमसीएच्या फीचं काय? आम्ही ओबीसीत येतो.

सेमीकोलन

एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट आहेत, परीक्षा दिली तरच हजार रुपये. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर काही विषय चक्क मराठीत आहेत, सेंटरवरच्या पोरांनाही दाखवा. पण व्हिडिओ बघून संपवणे म्हणजे शिकणे नाही. रोज पाच क्वेरी हाताने लिहा, आणि उत्तर चुकलं तर लगेच एआयला विचारू नका, अर्धा तास डोकं खाजवा.

धावपट्टी

फीचं सांगते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. अट एकच, प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सवलत गेली. त्यामुळे कुणी 'सीट आत्ताच बुक करा' म्हणालं तर बळी पडू नकोस. वसतिगृह, मेस आणि बाकीचे किरकोळ आकार मात्र भरावे लागतात, तेवढी तजवीज ठेव.

हिरवी_पाटी

हे तर कॉलेजच्या चौकशी खिडकीवरही सांगितलं नाही! नॉन-क्रीमी लेयर माझं जुनं आहे, चालेल का?

मास्तर_बार्शी

त्यावर 'वैध दिनांक' छापलेली असते ती बघ. साधारण ३१ मार्चला मुदत संपते, आणि प्रवेशाच्या वेळी चालू असलेलं लागतं. मार्च उलटला की लगेच नवीन टाक. बारावीचा निकाल लागला की सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते आणि सर्व्हरही झोपतो. जातीचा दाखला, वडिलांचे तीन वर्षांचे उत्पन्नाचे दाखले आणि जात वैधता यांच्या झेरॉक्स आत्ताच एका फायलीत लावून ठेव. वैधता काढलेलीच नसेल तर ते आज सुरू कर, बाकी सगळं नंतर.